जुना जेसीबी की पट्ट्यांचा छोटा लोडर? सोनगीरच्या मातीत हिशोब कसा बसतो

उन्हाळा लागायच्या आधी खानदेशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुन्या मशीनच्या जाहिराती सुरू होतात. पिवळ्या मशीनचे पाच फोटो आणि खाली एक ओळ: ‘सिंगल हँड, कमी तास, टायर ८० टक्के, कागद क्लियर, फायनान्स करून मिळेल.’ धुळ्याहून सोनगीरमार्गे शिरपूरकडे जाताना हायवेच्या कडेला उभी असलेली मशीनं मोजली तरी कळतं, की आपल्याकडच्या पोरांसाठी हा आता नोकरीला पर्याय झालाय. जमीन थोडी, विहिरीचं पाणी बेभरवशाचं. मग घरातलं सोनं गहाण, थोडं पतपेढीचं, थोडं फायनान्सवाल्याचं, आणि दारात एक जुनं मशीन.

गेल्या हंगामात माझ्या मामेभावाने अशाच दोन जाहिराती मला पाठवल्या. एक होता २०१७ चा बॅकहो लोडर, म्हणजे ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो तो. मीटरवर ४,८०० तास, किंमत १७ लाख. दुसरा होता रबरी पट्ट्यांवर चालणारा छोटा लोडर, मुंबईकडच्या एका साइटवरून सुटलेला. मीटरवर २,१०० तास, किंमत १३ लाख. सोबत अमेरिकेतल्या एका व्हिडिओची लिंक, ज्यात असाच लोडर गुडघाभर चिखलातून लोण्यातून सुरी फिरावी तसा चाललाय. आणि खाली प्रश्न: ‘दादा, तू इंजिनिअर शे ना, सांग कोनतं लेऊ?’

मी सॉफ्टवेअरवाला आहे, हे त्याच्या लेखी किरकोळ. पण प्रश्न मोठा होता, कारण चुकीचं मशीन घेतलं की ते दारात उभं राहतं आणि हप्ता मात्र चालत राहतो. त्या निमित्ताने जे वाचलं, मिस्त्र्यांकडून ऐकलं आणि स्वतः तपासून पाहिलं, ते इथे मांडतोय.

आधी नावांचा घोळ

आपल्याकडे कंपन्यांची नावं मशीनला चिकटली आहेत. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची आद्याक्षरं. त्याने १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ती एस्कॉर्ट्सबरोबर भारतात आली. पुढे लोडर बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं चार चाकांचं मशीन म्हणजे बॅकहो लोडर, पण ते कुठल्याही कंपनीचं असलं तरी गावात ‘जेसीबी’च. तसंच पोकलेन. ती मुळात फ्रेंच कंपनी. एल अँड टीने तिची खोदाई यंत्रं इथे बनवली आणि लोखंडी चेनवर चालणाऱ्या प्रत्येक एक्स्कॅव्हेटरचं नाव पोकलेन पडलं.

तिसरं नाव बॉबकॅट, आणि याची गोष्ट मजेदार आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लुई आणि सिरिल केलर या दोन भावांकडे एक टर्कीपालन करणारा शेतकरी आला. त्याला शेडमधली विष्ठा काढायला असं छोटं मशीन हवं होतं, जे खांबांच्या मधून जाईल आणि जागच्या जागी वळेल. त्यातून जे तयार झालं त्याचंच पुढे स्किड स्टिअर लोडर झालं. यात स्टिअरिंगने चाकं वळत नाहीत. डाव्या बाजूची चाकं पुढे, उजव्या बाजूची मागे, की मशीन घसरत गर्रकन फिरतं. चाकांऐवजी रबरी पट्टे घातले की तोच कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर, म्हणजे भावाने पाठवलेली दुसरी जाहिरात.

मूळ काम लक्षात ठेवा: अरुंद जागा, सैल माल, रोज तीच साइट. मशीन कशासाठी जन्माला आलं हे कळलं की ते कुठे अडेल तेही बरंचसं कळतं.

पट्टे नेमकं काय करतात

साधा भागाकार आहे. समजा चाकांचा छोटा लोडर ३,००० किलोचा. चार टायर, प्रत्येकाचा जमिनीला टेकलेला भाग साधारण ३५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे १,४०० चौरस सेंटिमीटरवर ३,००० किलो, दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या वर. आता पट्ट्यांचा लोडर घ्या. वजन जास्त, समजा ३,६०० किलो. पण प्रत्येक पट्टा ३२ सेंटिमीटर रुंद आणि जमिनीवर १४० सेंटिमीटर लांब टेकलेला. दोन पट्ट्यांचं क्षेत्रफळ ८,९६० चौरस सेंटिमीटर. भागाकार येतो ०.४ किलो. पाचपट कमी दाब! त्यामुळे तो चिखलात रुतत नाही, मऊ जमिनीवर खोल चाकोऱ्या पाडत नाही.

आपली तापीकाठची काळी माती आठवा. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. पावसात बैलगाडी रुतते तिथे जेसीबीची काय कथा. बऱ्याचदा ऑपरेटर मागची बकेट लांब रोवून तिच्या जोरावर मशीन ओढत बाहेर काढतो. मग पट्ट्यांचा लोडर हेच उत्तर, नाही का?

इथेच व्हिडिओ फसवतो. जूनमध्ये कपाशी लागली की हिवाळ्यापर्यंत शेतात पीक उभं. ओल्या काळ्या मातीत तुम्हाला मशीन घालू देणार कोण? शेततळं, बांधबंदिस्ती, सपाटीकरण, नाल्याचा गाळ, विहिरीभोवतीचा मलबा, ही सगळी कामं निघतात पीक निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा. आणि तेव्हा हीच माती विटेसारखी कडक झालेली असते. म्हणजे पट्ट्यांचा मोठा फायदा ज्या महिन्यांत आहे, त्या महिन्यांत आपल्याकडे काम नाही. ज्या महिन्यांत काम आहे, त्या महिन्यांत जमीन चाकांनाही पुरेशी कडक. अमेरिकेत बर्फ वितळल्यावरच्या चिखलात आणि बंगल्यांच्या हिरवळीवर काम असतं. तिथे जास्तीचे पैसे मोजून पट्टे घेणं परवडतं.

दुसरी अडचण दगडाची. काळ्या मातीच्या खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. त्यात धुळे-नंदुरबार पट्टा भूगर्भशास्त्रात ओळखला जातो तो डाइकसाठी. जुन्या कातळाच्या भेगांतून वर आलेला लाव्हा तिथेच थिजून कठीण दगडाच्या उभ्या भिंती झाल्या, त्यांना डाइक म्हणतात. धुळे-साक्री भागात लांबच लांब सरळ काळ्या टेकड्या दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच याच. अशा दगडाचे तुकडे धारदार असतात. रबरी पट्ट्याचा लोडर जागच्या जागी फिरवला की पट्टा या कपच्यांवर घासला जातो, त्याचे दात तुटतात, कडा फाटतात आणि आतल्या पोलादी तारांना पाणी लागून गंज धरतो. रबरी पट्ट्याचं आयुष्य साधारण १,२०० ते २,००० तास सांगतात, पण ते मातीतलं. खडकाळ जमिनीत त्यापेक्षा बरंच कमी धरायचं. म्हणजे २,१०० तासांच्या लोडरवर पट्टे मूळचे असतील तर ते संपलेले, आणि बदललेले असतील तर कधी बदलले ते विचारायचं. जोडी मागवायची म्हटली तर धुळ्यात हाताशी मिळेल असं समजू नका. हंगामातले तीन आठवडे वाट बघण्यात गेले की मशीन स्वस्तात पडलं हे वाक्य तोंडातून निघत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात निर्णायक वाटते. पट्ट्यांचं मशीन डांबरी रस्त्याने गावोगाव जाऊ शकत नाही, त्याला ट्रेलर लागतो. आपल्याकडची कामं कशी असतात? सकाळी सोनगीरला दोन तास पायाखोदाई, दुपारी शेजारच्या गावात पाइपलाइनची चारी, संध्याकाळी कोणाचा तरी उकिरडा भरून द्यायचा. जेसीबी स्वतःच्या चाकांवर जातो. दोन तासांच्या कामाला ट्रेलर लावला तर भाडं ट्रेलरवालाच खाऊन जाईल. शिवाय छोट्या लोडरला मागचा खोदायचा हात नाही. जेसीबीचा हात साधारण पावणेपाच मीटर खोल जातो, आणि आपल्या कामांतलं निम्मं उत्पन्न त्या मागच्या हातावर आहे.

मग पट्ट्यांचा लोडर वाईट का? अजिबात नाही. ज्याच्याकडे एकाच आवारात रोज माल हलवायचा आहे, मोठी पोल्ट्री, खताचं गोदाम, रोपवाटिका, त्याच्यासाठी तो सोन्यासारखा, आणि तिथेही जमीन पक्की असेल तर पट्ट्यांपेक्षा चाकांचा घ्यावा. असा लोडर बघायला गेलात तर दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकलून सपाट जागेवर पन्नास मीटर चालवा. तो एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा हायड्रॉलिक पंप किंवा मोटर कमजोर असण्याची शक्यता मोठी, कारण प्रत्येक बाजूला स्वतंत्र पंप असतो. पट्टे फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे दात टोकदार झाले असतील तर तेही घासलंय.

नाला खोलीकरणाचं काम घ्यायचं असेल तर दोन्ही जाहिराती बाजूला ठेवा. आपल्या शेजारीच शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं गेलं, तेच ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून गाजलं. ते काम चेनच्या मोठ्या पोकलेनचं. पुढे जलयुक्त शिवार आणि गाळमुक्त धरणच्या कामांतही मोठं खोदकाम पोकलेननेच होणार आणि जेसीबी गाळ भरायला, रस्ता करायला. भावाने ते स्वप्न बघितलं होतं, म्हणून सांगतोय.

तर पहिला निकाल सोपा लागला: बॅकहो. आता खरी अडचण सुरू होते, कारण जुना बॅकहो निवडणं म्हणजे दहा सारख्या दिसणाऱ्या पिवळ्या मशीनमधून एक उचलणं.

मीटर हा फक्त एक आकडा आहे

गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मशीन कितला तास चालेल शे?’ गाडीचे किलोमीटर तसे मशीनचे तास. इंजिन सुरू असेपर्यंत मीटर पळतं, मग ते खोदत असो, रस्त्याने जात असो की ऑपरेटर चहा पीत असो. म्हणजे खरा आकडा असला तरी त्यातून पूर्ण चित्र मिळत नाही. आणि आकडा खराच असेल याची खात्री कोणी द्यावी? मीटर बिघडतं, बदललं जातं, मुद्दाम बदललं जातं.

इथे माझा धंदा थोडा कामी आला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एका आकड्यावर विश्वास ठेवत नाही, नोंदींची रांग बघतो. तासांच्या आकड्याचा एकच नियम आहे: तो तारखेनुसार वाढत गेला पाहिजे. कमी झाला तर कोणीतरी हात घातलाय. वर्षभर तसाच राहिला तर मशीन उभं होतं किंवा मीटर बंद होतं, दोन्ही विचारण्यासारखं.

ही रांग कुठे मिळते? अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर दिला की प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि तेव्हाचे तास निघू शकतात. मालकाला सोबत घेऊन जायचं. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो सहसा नाही म्हणत नाही, आणि जो टाळाटाळ करतो त्याने उत्तर दिल्यासारखंच आहे. गेल्या काही वर्षांतल्या मशीनमध्ये टेलिमॅटिक्स असतं, म्हणजे सिमकार्ड आणि जीपीएसची डबी, जी मशीन कुठे आहे, किती तास चाललं, किती वेळ नुसतं सुरू उभं होतं हे कंपनीच्या सर्व्हरला पाठवते. जेसीबीमध्ये त्याला लाइव्हलिंक म्हणतात. मालकाच्या फोनवर ॲप असेल तर तिथेच उघडून बघा. मीटरचा डबा बदलता येतो, सर्व्हरवर आधीच जाऊन बसलेल्या नोंदी बदलणं त्याच्या हातात नसतं. एक सावधगिरी मात्र हवी: वर्गणी संपली किंवा डबी काढून टाकली तर नोंदी मधूनच तुटतात. तुटलेली तारीख लिहून ठेवा आणि कारण विचारा.

भावाने पाठवलेल्या ४,८०० तासांच्या मशीनची सर्व्हिस हिस्टरी काढली तर २०२१ मधल्या एका नोंदीत ६,२०० तास होते. विकणाऱ्या मध्यस्थाचं म्हणणं, ‘मीटर नवीन टाकलंय, त्यात काय?’ मीटर नवीन टाकणं हा गुन्हा नाही हो, पण मग जाहिरातीत तसं लिहा. आम्ही तिथून उठलो. शेवटी भावाने घेतलं ते ७,९०० तासांचं मशीन, ज्याच्या पहिल्या मालकाने सगळी बिलं फायलीत लावून ठेवली होती. तास जास्त, पण खरे. पिन-बुश बदलल्याचं बिल, पंप उघडल्याचं बिल, सगळं तारखेसकट. ४,८०० खोट्यापेक्षा ७,९०० खरे कधीही बरे, कारण पुढचा खर्च कधी येणार याचा अंदाज तरी बांधता येतो.

थंड मशीन बघायचं, गरम मशीन तपासायचं

सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या बाजारात भांडं घेताना लोक ते वाजवून बघतात. मशीनचंही तसंच, फक्त आधी ते दोन वेगळ्या अवस्थांत ऐकावं लागतं.

सकाळी जा, आणि जायच्या आधी फोन करून मशीन सुरू करू नका असं सांगा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्यांनी आधीच सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन किती सहज सुरू होतं आणि धूर कसला येतो हे बघायचंय. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर जातो. निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. भार दिल्यावर सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, त्यात एअर फिल्टर चोंदण्यापासून इंजेक्टरपर्यंत काहीही असू शकतं. सुरू इंजिनची ऑइल टाकायची टोपी जरा सैल करा. तिथून फसफस करत वाफ जोरात येत असेल तर पिस्टन रिंगा गेल्यात.

मग मशीन किमान तासभर काम करू द्या. नुसतं सुरू ठेवून नाही, खड्डा खणायला लावा. का? हायड्रॉलिक तेल थंड असताना घट्ट असतं. पंप आतून घासलेला असला, सिलिंडरचं सील गेलेलं असलं तरी घट्ट तेल फटींतून कमी निसटतं, त्यामुळे सकाळी मशीन जोरात वाटतं. तेल तापलं की पातळ होतं आणि त्याच फटींतून परत फिरतं. हात हळू उचलतो, बकेट भरताना जीव जातो. विकणारा तुम्हाला दहा मिनिटं चालवून दाखवतो ते उगाच नाही!

गरम असतानाच पुढची बकेट भरून अर्ध्यावर उचला, इंजिन बंद करा, सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. मशीनखाली कोणी उभं राहायचं नाही, हे सांगायला नको पण सांगतोच. खूण बरीच सरकली तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. नंतर मागच्या हाताची बकेट जमिनीला टेकवून हात डावी-उजवीकडे हलवा. जिथे हात मशीनला जोडलेला असतो तो किंगपोस्ट खडखडतो का ते बघा. पिन-बुशची थोडी ढिलाई चालते, बदलता येते. पण पिन ज्या भोकात बसते ते भोकच अंडाकृती झालं असेल तर वेल्डिंग आणि बोअरिंगचा खर्च आहे. पुढे-मागे गिअर टाकताना मशीन दोन सेकंद विचार करून मग हललं, तर ट्रान्समिशन. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. आणि फक्त सांध्यांजवळच ताजा रंग असेल तर तिथे नखाने खरवडा, खाली वेल्डिंगची माळ सापडू शकते.

एक गोष्ट आपल्या भागात विशेष बघायची: ब्रेकर. डाइकचा दगड लागला की बकेटच्या जागी ब्रेकर लावतात. तासाला हजारो ठोके बसतात, ते सगळे हातातून किंगपोस्टपर्यंत जातात आणि तेल सतत तापलेलं राहतं. ब्रेकरवर चाललेल्या मशीनचा एक तास साध्या मातीतल्या तासाबरोबर मोजूच नये. मागच्या हातावरून जादा पाइपलाइन गेलेली दिसली किंवा ती काढल्याच्या क्लॅम्पच्या खुणा दिसल्या, तर थेट विचारा.

२०२१ च्या आधीचं की नंतरचं

एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना बीएस-४ चे उत्सर्जन नियम लागू झाले, आणि जानेवारी २०२५ पासून त्यापुढचा टप्पा, बीएस-५. त्यासाठी इंधनाचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला. माझा कल, सॉफ्टवेअरवाला असूनही, गावात पहिलं मशीन घेणाऱ्याने २०२१ च्या आधीचं घ्यावं असा आहे. जुन्या यांत्रिक पंपाचं इंजिन फाट्यावरचा मिस्त्री उघडतो. नव्यात सेन्सर रुसला की लॅपटॉप घेऊन येणाऱ्या माणसाची वाट बघावी लागते. नवं इंजिन शुद्ध डिझेल मागतं, आणि आपण शेतात डिझेल कुठल्या कॅनमधून ओततो हे मी सांगायला नको. ज्याचं काम वर्षभर आहे आणि सर्व्हिस सेंटर जवळ आहे त्याने नवं बघावं, डिझेलची बचत खरी आहे.

हप्त्याचा हिशोब

आता आकडे. खाली धरलेले दर समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे टाका. समजा १४ लाखांचं कर्ज, १४ टक्के व्याज, ३६ महिने. हप्ता येतो साधारण ४७,८५० रुपये. ऑपरेटर २०,०००, विमा-टॅक्स वगैरे महिन्याला ५,०००. झाले ७२,८५०, मशीन हलो वा न हलो. तासाचा दर १,२०० धरला. त्यातून डिझेल ५ लिटर, ९२ च्या भावाने ४६० गेले. ग्रीस, तेल, टायर, पिन-बुश यासाठी तासाला १५० बाजूला ठेवायलाच हवेत. उरले ५९०.

वर्षाचा ठरलेला खर्च ८,७४,२०० भागिले ५९०, म्हणजे जवळजवळ १,४८० तास. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १२३ तास, वाटतं होईल. पण पावसाचे महिने काढून आठच महिने काम मिळालं तर महिन्याला १८५ तास. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज सहा तासांहून जास्त, तेही फक्त ना नफा ना तोटा. आणि यात उधारी धरलेली नाही! गावातलं निम्मं काम ‘कापूस विकला की देतो’ या बोलीवर होतं. शेतकरी बुडवत नाही, पण फायनान्सवाला कापसाची वाट बघत नाही.

धुळे-नरडाणा रेल्वेचं काम, नरडाण्याची एमआयडीसी, मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मिळालेली मंजुरी, यामुळे ‘आता काम खूप निघणार’ ही चर्चा प्रत्येक टपरीवर आहे. निघेलही. पण मोठा ठेकेदार मोठी मशीनं आणतो आणि छोट्या मालकाला काम तिसऱ्या हातातून मिळतं, पैसेही तिसऱ्या हातातून. त्या भरवशावर हप्ता बांधू नका. मी भावाला सांगितलं, कर्ज एवढंच घे की महिन्याला शंभर तासांत हप्ता निघाला पाहिजे. ते बसत नसेल तर स्वस्त मशीन बघ किंवा एखादं वर्ष थांब. त्याला ते आवडलं नाही. मामींना आवडलं.

टोकन देण्याआधी कागद

आपण मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्हींच्या जवळ, त्यामुळे इंदूर-सुरतकडची मशीनं स्वस्त दिसतात. परराज्यातलं मशीन असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. ती मिळायला उशीर आणि इथे पुन्हा टॅक्स, हा खर्च किमतीत धरा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि हायपोथिकेशन बघा. कर्ज दिसत असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ‘लोन फिटलंय, कागद येतोय’ हे वाक्य मी एका महिन्यात चार जणांकडून ऐकलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, आणि चॅसी व इंजिन नंबर मशीनवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा, फोटोवरून नाही. परदेशातून जुनं आणलेलं मशीन असेल, आणि पट्ट्यांच्या लोडरमध्ये ही शक्यता जास्त, तर आयातीचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री मागा. तो नसेल तर पुढे तुम्ही विकायला जाल तेव्हा तुमचंही गिऱ्हाईक हेच विचारेल.

टोकन रोख देऊ नका, खात्यावर टाका, आणि पावतीवर तास, चॅसी नंबर आणि ‘कागद न मिळाल्यास टोकन परत’ एवढं लिहून घ्या. मिस्त्री सोबत नेताना तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याची दिवसाची मजुरी तुम्ही द्या, मशीन घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी.